जुन्या गोदामांची ऑफिसं आणि खुलं आवार : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतवारी, कॉटन मार्केट, मोतीबाग या भागातून फिरलं की अजूनही दिसतात: उंच जोत्यावरची लांबलचक गोदामं, कौलांवर गवत, दाराला मुठीएवढं कुलूप. कुठे कापसाच्या गाठी असायच्या, कुठे धान्य, कुठे जिनिंग-प्रेसिंगचं, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायचं यंत्र. मी आर्किटेक्ट आहे. नवं बांधण्यापेक्षा जुन्यात काम करायला मला जास्त आवडतं, तेव्हा माझी उत्तरं त्या बाजूला झुकलेली असणार, हे आधीच सांगतो. मालक, भाडेकरू, शेजारी आणि गेटाशी उभं राहून "काय होऊन राहिलं इथं?" विचारणारी माणसं, या सगळ्यांचे प्रश्न एकत्र केले आहेत: अशा गोदामांत ऑफिसं आणि भोवतालच्या आवारात सर्वांसाठी खुली जागा करायची, त्याबद्दलचे.

पाडून नवीन का नाही बांधत? तेच सोपं नाही का?

कागदावर सोपं आहे. पण पाडल्यावर नव्या नियमांनी समास, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी जागा सोडावी लागते, पार्किंग द्यावं लागतं, आणि रस्त्याला लागून असलेली जुनी भिंत पुन्हा त्या जागी उभी करता येत नाही. अठरा इंची विटांची भिंत, वीस फूट उंची, सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) हे आज विकत घ्यायला गेलं तर कुणाला परवडणार नाही, आणि इथे ते फुकटात उभं आहे. पाडायचंच असेल तर निदान आधी मोजून तरी घ्या. एका मालकाने पाडायचं ठरवून मला फक्त नकाशा काढायला बोलावलं होतं. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी कैच्यांखाली उभं राहून त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून छप्पर पाहिलं. तीस वर्षं त्यांचं कुलूप होतं त्या दाराला.

सगळंच वाचवावं असं मात्र नाही. आवारात नंतर घुसवलेल्या टिनाच्या शेडा, सिमेंटच्या टाक्या, अर्धवट संडास हे काढायलाच हवं. बऱ्याचदा ते काढल्यावरच आवार मुळात केवढं होतं ते कळतं.

गोदामच ते. त्यात वारसा काय?

राजवाडा किंवा देऊळ असतं तर हा प्रश्न आला नसता. पण नागपूर आज जे आहे ते बऱ्याच अंशी कापसामुळे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली. १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी कंपनी काढली, आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे, रेल्वे इथे, आणि कोळसा फार लांब नाही. गिरणीच्या मागोमाग जिनिंग आले, प्रेस आले, अडत्ये आले, गोदामं आली.

आज गिरणीच्या जागेवर मॉल आहे. गिरणीत काम केलेली माणसं अजून सांगतात, भोंगा झाला की अर्ध्या शहराला वेळ कळायची. गिरणी गेली तरी तिच्या भोवतालची जी लहान गोदामं उरलीत, त्यांच्यात हा इतिहास हाताला लागतो. माझ्या लेखी वारसा म्हणजे एवढंच.

आमची इमारत वारसा यादीत आहे का? असली तर हात लावता येत नाही म्हणतात.

यादी मनपाकडे पाहायला मिळते, आणि शहरासाठी वारसा संवर्धन समिती आहे. यादीतल्या वास्तूंना श्रेणी असते. ढोबळ मानाने श्रेणी १ म्हणजे जवळजवळ काहीच बदलायचं नाही, श्रेणी २ मध्ये आतले बदल जपून करता येतात, श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक. गोदामं सापडलीच तर सहसा खालच्या श्रेणीत सापडतात, आणि पुष्कळशी यादीतच नसतात. "हात लावता येत नाही" ही अफवा आहे. समितीपुढे जावं लागतं, इतकंच. जाताना मोजणीचे नकाशे, फोटो आणि काय राखणार, काय काढणार याची चार ओळीत यादी घेऊन जा. गुळगुळीत थ्रीडी चित्रं घेऊन गेलेल्यांना जास्त प्रश्न विचारले जातात, हा माझा अनुभव.

यादीत नसली तरी वापरबदलाची परवानगी लागतेच. गोदामाचं ऑफिस हा वापरबदल आहे. जागा मनपाच्या अखत्यारीत की नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास), ते आधी पाहा. बांधकामाचे नियम डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यभर बहुतेक ठिकाणी एकच, युनिफाइड डीसीपीआर ही एकत्रित विकास नियंत्रण नियमावली.

जमीन नझूलची आहे. अडेल का?

आमच्याकडे विदर्भात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. नझूल म्हणजे सरकारी जमीन, तुम्ही पट्टेदार. पट्टा कोणत्या वापरासाठी दिला, मुदत कधी संपली, नूतनीकरण झालं का, मध्ये कुणी परस्पर हस्तांतर केलं का, हे पाहिल्याशिवाय आर्किटेक्टला एक रुपया देऊ नका. मलाही नको. पट्ट्यावर 'गोदाम' लिहिलेलं असताना आत ऑफिसं थाटली तर तो शर्तभंग ठरू शकतो. आखीव पत्रिका (जमिनीच्या नोंदीचा उतारा) काढा, नझूल कार्यालयात जा, महसुलातला जाणता वकील बघा. एका कामात डिझाइन दोन महिन्यांत झालं आणि पट्ट्याच्या कागदांना दोन पावसाळे गेले.

भिंतीला तडे आहेत. इमारत टिकेल का?

तडा पाहून घाबरू नका आणि तडा बुजवूनही टाकू नका. आधी तो जिवंत आहे की मेलेला ते बघायचं.

नागपूरचा मोठा भाग काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तेच जोत्याखाली चालतं. म्हणून तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. एक मेमध्ये, एक ऑगस्टमध्ये, एक दिवाळीनंतर. काच फुटली तर तडा चालतोय. मग पाया तपासायचा, भिंतीलगत खड्डा घेऊन. निम्म्या वेळा कारण पायात नसून पन्हळीत असतं. फुटक्या पन्हळीचं पाणी चाळीस वर्षं एकाच कोपऱ्यात पडत आलेलं असतं. पन्हळ नीट केली, जोत्याभोवती फरशीला उतार दिला, आणि पुढच्या दिवाळीला काच शाबूत.

तलावाकाठच्या जागा आणखी वेगळ्या. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत जमशेटजींनी भराव टाकायला घेतला, तेव्हा एका सावकाराला ते सोनं मातीत घालणं वाटलं होतं म्हणतात. पुढे त्यानेच मान्य केलं की या माणसाने माती घालून सोनं काढलं. अशा भरावावर बांधलेल्या कुठल्याही शेडचा पाया डोळे मिटून चांगला धरू नये.

भूकंपाची भीती वाटते त्यांच्यासाठी: २०१६ च्या मानकात नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. तरी भिंत आणि छप्पर एकमेकांना बांधलेलं आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या. कैचीचं टोक भिंतीत कुजलेलं असणं हा मला वारंवार सापडलेला दोष. बाहेरून काही दिसत नाही. लाकडात पेचकस खुपसला की बिस्किटात गेल्यासारखा जातो.

सिमेंटचं चांगलं प्लास्टर करून टाकलं की झालं ना?

नाही. कृपा करून नाही.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून बाहेर निघून जाते. वर सिमेंट थापलं की तिची वाट बंद. ती वर वर चढत जाते, क्षार विटेत साठतात, लोणा लागतो, आणि पाच-सात वर्षांत प्लास्टर विटेच्या चेहऱ्यासकट खाली येतं. मग त्यावर टाइल्स लावतात. असं गोदाम मी पाहिलंय, टाइलमागे हात घातला तर विटेचा भुगा ओंजळीत आला.

चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) आजही मिळते, घाणीवर मळूनही मिळते, फक्त ते काम येणारा मिस्त्री शोधावा लागतो आणि त्याला घाई करून चालत नाही. दर्जा भरल्यावर ओलं गोणपाट बांधून ठेवायचं. उन्हाळ्यात हे काम काढूच नका.

लोखंडी खांबांचं काय?

खांब बीडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे की पोलादाचा ते आधी ठरवा. बीड दाब उत्तम सोसतं, पण ताण आणि धक्का सोसत नाही, आणि त्याला साधं वेल्डिंग मारलं तर शेजारीच तडा जातो. फॅब्रिकेटर "मारतो ना साहेब दोन टाके" म्हणेल. मारू देऊ नका. बीडाच्या खांबाला जोड द्यायची तर पट्टा आवळून.

वरच्या मजल्यावर पन्नास माणसं बसली तर?

हिशोब गमतीचा आहे. आजच्या भारमानकाप्रमाणे ऑफिसच्या जमिनीला दर चौरस मीटरला साधारण २५० किलो धरतात (फायलींची कपाटं ठासून असतील तर ४००), आणि गोदामाला कमीत कमी ७५० किलो. कापसाची एक गाठ १७० किलोची. एकावर एक चार ठेवल्या की एका गाठीच्या जागेत ६८० किलो. ज्या मजल्याने हे झेललं त्याला तुमची टेबलं-खुर्च्या म्हणजे खेळणी. पण त्याने झेललं ते तरुणपणी. मधल्या काळात वाळवी लागली, कुणी एसीच्या पाइपासाठी तुळईला भोक पाडलं, कुणी मधला खांब कापला. म्हणून पाण्याच्या टाक्या ठेवून भारचाचणी घ्या आणि तुळई किती वाकली ते मोजा. आणि सभागृह कराल तिथे गर्दीसाठी ५०० किलो धरतात, ऑफिसचे २५० नाही.

छप्पर कौलांचं ठेवायचं की पत्रा?

मंगळुरी कौल शाबूत असेल तर ठेवा. उतरवताना दहातलं एखाद-दुसरं फुटेल, जुन्या वाड्यांच्या मलब्यातून त्याच छापाची मिळवावी लागतात. कौलांखाली फळ्यांचं अस्तर आणि त्यावर उष्णतारोधक थर दिला की माकडांचाही त्रास कमी होतो.

खरा काळजीचा विषय म्हणजे करड्या रंगाचा नालीदार सिमेंटचा पत्रा. तो बहुधा अ‍ॅसबेस्टॉसचा. पडून आहे तोवर फार काही करत नाही. फोडला, कापला, घासला की त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जातात आणि त्यातून कॅन्सर होतो, तोही वीस-तीस वर्षांनी. मजूर वर चढून हातोड्याने फोडून खाली टाकतात, हे रोज दिसणारं दृश्य. असं करायचं नाही. पत्रा ओला करायचा, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, मजुराला साधा रुमाल नाही तर योग्य मास्क. अशा घातक कचऱ्याची सोय बुटीबोरीला आहे. आवाराच्या मागच्या नाल्यात नाही.

दातेरी छपराची शेड असेल तर तुम्ही नशीबवान. उत्तरेकडच्या काचेतून दिवसभर सारखा उजेड येतो, दिवा लावावा लागत नाही. एक बारकावा मात्र पुस्तकं सांगत नाहीत. ही पद्धत विलायतेची, तिथे सूर्य कधी माथ्याच्या उत्तरेला जात नाही. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेकडून येतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर सगळा उन्हाळाभर. काचेवर बाहेरून छोट्या पट्ट्या लावा, नाहीतर बरोबर जूनमध्ये स्क्रीनवर ऊन.

मे महिन्यात तिथे बसवेल का? पारा ४५ च्या वर जाते न भाऊ.

जाते. हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण एवढ्या उंच हॉलमध्ये नुसते एसी ठोकले तर वीजबिलाने ऑफिस बंद पडेल.

पहिलं, उष्णता छपरातून येते, भिंतीतून कमी. पैसे असतील तेवढे छपरावर घाला. दुसरं, गरम हवा वर जाते आणि वीस फुटी हॉलमध्ये ती तुमच्या डोक्याच्या बरीच वर राहते, फक्त तिला आढ्याशी झडप ठेवून बाहेर काढा. जुन्या गोदामांना अशा झडपा असतातच, कबुतरांमुळे बुजवलेल्या. जाळी लावा आणि उघडा. तिसरं, जाड भिंत दिवसभर तापते आणि रात्री सोडते. रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवली तर सकाळी भिंत थंड मिळते. म्हणजे चौकीदाराला कामाला लावायचं.

मग कूलर. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी, वाळ्याच्या ताट्या लावून पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. डक्टमधून मोठ्या कूलरची हवा दिली तर सबंध हॉल सुसह्य होतो. पण मृगाचा पाऊस पडला की कूलर हात टेकतो, मग उरतात मोठे संथ पंखे. एसी ज्यांना लागणारच, त्यांच्यासाठी हॉलमध्ये स्वतंत्र काचेच्या, छत असलेल्या खोल्या करा, घरात घर असल्यासारख्या. थंड करायचं ते तेवढंच.

मला विचाराल तर मेमध्ये ऑफिसची वेळच सातला सुरू करावी. नागपूरच्या शाळा, बाजार, रस्ते सगळे उन्हाळ्यात वेळ बदलतात, ऑफिसांनाच काय झालंय कळत नाही.

आगीचं काय?

कापूस म्हणजे आग, हे या शहराला शिकवावं लागत नाही. एम्प्रेस मिलमध्ये आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर एकोणिसाव्या शतकातच बसवले होते, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. उलट उदाहरण २९ डिसेंबर २०१७ चं: मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. जुन्या गिरणीच्या आवारात ऑफिसं, हॉटेलं, पब एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि बाहेर पडायची वाट अडते, हा खरा धोका.

तेव्हा आवारात अग्निशमनाची गाडी फिरू शकेल एवढा रस्ता मोकळा ठेवा, त्यावर एकही टेबल, कुंडी, स्टॉल नको. प्रत्येक गोदामाला दोन विरुद्ध टोकांना दारं, बाहेर उघडणारी. उघडं पोलाद साडेपाचशे अंशांना निम्मी ताकद गमावतं. जाड सागवानी तुळई वरून कोळसा होत आत बराच वेळ तग धरते, म्हणून लाकूड काढून लोखंड घातलं म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नका. आणि ताडपत्री, बांबू, थर्माकोलची सजावट कार्यक्रमापुरतीसुद्धा नको.

पावसाचं पाणी आवारात शिरतं का?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठची घरं-दुकानं पाण्यात गेली. गोदामांचं जोतं तीन फूट उंच असतं ते बंडीतून माल उतरवायला, पण पुरातही तेच कामाला येतं. ते उंच जोतं फोडून जमीन खाली घेऊ नका. विजेचे पॅनेल आणि सर्व्हर जोत्याच्या वरच, आवारात सिमेंट नको, फरशीच्या सांध्यातून पाणी मुरू द्या.

मग व्हीलचेअर वर कशी जाणार?

उतरणीने. प्रमाण १:१२, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फुटांची उतरण, मध्ये थांब्याची जागा सोडून. लांब वाटते, पण आवार असतं तिथे ती भिंतीलगत सहज बसते, आणि मग सगळेच तिच्यावरून चालतात, पायऱ्यांवर चहावाले बसतात.

'सार्वजनिक जागा' म्हणजे नेमकं काय? शेवटी मॉलच ना?

शंका रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी 'सार्वजनिक' म्हणजे गेटवर सुरक्षारक्षक, आत दोनशे रुपयांची कॉफी आणि "इथे बसू नका". माझी कसोटी साधी आहे: काहीही विकत न घेता एखादी बाई भाजीची पिशवी घेऊन तासभर बसू शकते का? तिला पाणी आणि स्वच्छ संडास मिळतो का? आवाराला दोन गेटं असतील तर दोन्ही उघडी राहून लोक मधून येजा करतात का? या तिसऱ्या गोष्टीला मालक सर्वांत जास्त घाबरतात आणि तिनेच जागा जिवंत होते. ये-जा असली की टवाळखोर फारसे बसत नाहीत.

कोचीला फोर्ट कोचीतलं ॲस्पिनवॉल हाउस हे मसाले-नारळाच्या व्यापाराचं जुनं आवार, २०१२ पासून तिथे बिनाले, म्हणजे दोन वर्षांआड होणारं मोठं कलाप्रदर्शन भरतं. चित्रं कळोत न कळोत, लोक समुद्राकडच्या गोदामांतून फिरतात. नागपुरात मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ चं, मुलांना घेऊन जाणारे जातातच. आपल्या आवारात काय व्हावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबती जातात, त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांना रस्त्यावर गाड्यांत उभं राहावं लागतं. त्यांना आवार द्या. सकाळी तर्री-पोह्याचा ठेला आत घ्या, रात्री अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी एक व्हरांडा दिव्याखाली उघडा ठेवा.

कागदावर लिहून ठेवा: कोणता भाग किती वाजेपर्यंत सर्वांसाठी खुला, झाडलोट कोण करणार, पैसे कुठून. ऑफिसांच्या भाड्यातला ठरलेला वाटा आवाराला जायला हवा. हे तोंडी ठेवलं की तिसऱ्या वर्षी आवारात पार्किंग होतं.

पार्किंग कुठे?

आवारात नको, एवढंच म्हणेन. नियमाने लागेल तेवढं मागच्या बाजूला किंवा शेजारचा प्लॉट भाड्याने घेऊन करा. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर कॉटन मार्केट, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळ अशी स्टेशनं याच पट्ट्यात आहेत. दुचाकींना मात्र सावलीची जागा द्याच, मेमध्ये सीटवर बसून दाखवा मग कळेल.

जुने भाडेकरू आणि हमाल यांचं काय?

जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण असू शकतं. भरणा भांडवल एक कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना ते नाही, पण मसाल्याच्या दुकानदाराला आहे. वीज तोडून, छप्पर काढून त्यांना पळवण्याचे प्रकार चालतात. मी अशी कामं घेत नाही. बहुतेकांना त्याच आवारात रस्त्याकडेचा गाळा दिला तर ते राहतात, आणि नव्या ऑफिसवाल्यांना आयतं दुकान मिळतं.

हमालांकडे कागद नसतो, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही. नोंदणी असेल तर १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळाशी बोलणं होऊ शकतं. मी निदान एक करतो, मोजणीच्या वेळी जुन्या हमालाला सोबत घेतो. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठली फरशी पोकळ वाजते, कुठल्या भिंतीमागे बुजवलेली विहीर आहे, हे त्यालाच माहीत असतं. विहीर खरंच निघाली होती, अगदी त्याने पाय आपटला तिथे. या माहितीचे पैसे द्यायचे असतात.

भिंतीतला पिंपळ कापायचा का?

भिंतीतला हो, लहान असतानाच. वरून छाटला तर मुळं आणखी जोर धरतात. मूळ कोरून काढावं लागतं, तिथल्या विटा सुट्या करून पुन्हा बसवाव्या लागतात. आवारातलं कडुनिंबाचं झाड मात्र नकाशात आधी काढा आणि मग इमारतीचं बघा.

खर्च किती येतो?

इमारत न पाहता जो आकडा सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. क्रम सांगू शकतो: आधी छप्पर आणि पन्हळी, मग पाण्याचा निचरा, मग संडास आणि वीज, मग आतलं फर्निचर. सगळी गोदामं एकदम हाती घेऊ नका. एक करा, भाडं सुरू होऊ द्या, चुका कळू द्या. आणि आवार पहिल्याच टप्प्यात उघडा, शेवटच्या टप्प्यावर ठेवलेलं आवार कधीच उघडत नाही.

आतली जुनी यंत्रं, वजनकाटा वगैरे भंगारात द्यायचं का?

भंगारवाला पहिल्याच दिवशी येतो, रोख घेऊन. थांबवा त्याला. प्रेसचं चाक, कप्पी, गाठींवर खुणा उठवायचे पितळी साचे जागच्या जागी राहू द्या, फक्त धारदार कडा झाका. एका आवारात दाराशीच जमिनीत बसवलेला काटा होता, गंजून जाम. तेल घालून दोन दिवस हलवत बसलो तेव्हा काटा हलला. आता दुपारी शाळेतून येणारी पोरं रांगेने त्याच्यावर उभी राहतात, दप्तरासकट आणि दप्तराशिवाय.